चौथी खुर्ची : 'द शॅडोज'चे बदलते चौघे

जानेवारी १९६३ संपत आला होता. ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर 'डान्स ऑन!' ही धून होती आणि तिचे वादक होते 'द शॅडोज'. पुढच्याच आठवड्यात ती खाली सरकली. तिच्या जागी 'डायमंड्स' नावाची दुसरी धून आली. तीही शब्दांविना, निव्वळ वाद्यांची. वादक होते जेट हॅरिस आणि टोनी मीहान. या दोघांनी सव्वा वर्षाच्या आत, एकामागोमाग एक, शॅडोज सोडला होता.

सोडून गेलेल्या सहकाऱ्यांनीच आपल्या जुन्या बँडला सिंहासनावरून उतरवले, अशी उदाहरणे फार नाहीत. त्यातही गंमत अशी, की 'डायमंड्स' रचणारा जेरी लॉर्डन हाच 'ॲपाची'चा रचनाकार, आणि 'ॲपाची'नेच शॅडोजला नाव मिळवून दिले होते.

त्या आठवड्यापासून शॅडोजच्या चाहत्यांमध्ये एक वाद सुरू झाला. साठ वर्षे उलटली तरी तो मिटलेला नाही. खरा शॅडोज कोणता? या धाग्याचा विषय तोच वाद आहे, आणि त्यातही विशेषतः एक खुर्ची : बेस गिटारवाल्याची.

आपल्याकडच्या मैफलीत तबलजी बदलला तरी मैफल मुख्य गायकाचीच राहते. साथीदाराचे नाव जाहिरातीत धाकट्या अक्षरांत असते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. रॉक बँडचा करार वेगळा. तिथे चौघांची मिळून एक ओळख असते, आणि छायाचित्रातला एक चेहरा बदलला की चाहत्याला घरातले माणूस गेल्यासारखे वाटते. गाणाऱ्या बँडमध्ये निदान गायकाचा आवाज जुना-नवा असा दुवा सांधतो. ज्या बँडमध्ये कोणी गातच नाही, तिथे वादकाची बोटे हाच आवाज. ती बदलली की काय उरते?

प्रथम हे पाहू, की 'मूळचे चौघे' म्हणून ज्यांची पूजा होते ते मूळचे नव्हतेच.

१९५८ साली क्लिफ रिचर्ड या तरुण गायकामागे वाजवणारा 'ड्रिफ्टर्स' नावाचा छोटा बँड होता. (क्लिफचे खरे नाव हॅरी वेब, जन्म १९४०, लखनौ. कुटुंब १९४८ साली इंग्लंडला गेले.) ड्रमवर टेरी स्मार्ट आणि गिटारवर इयन सॅमवेल. क्लिफचे पहिले गाजलेले गाणे 'मूव्ह इट' सॅमवेलनेच लिहिलेले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूकॅसलहून दोन सोळा वर्षांची मुले एका स्पर्धेसाठी लंडनला आली आणि तिथेच राहिली. ब्रायन रँकिन, ज्याने हँक मार्विन हे नाव घेतले, आणि ब्रूस वेल्श. दोघांचा मुक्काम बहुतेक वेळ सोहो भागातल्या 'टू आइज' या कॉफी बारमध्ये. तळघरात रॉक अँड रोल वाजायचे आणि वर कॉफी मिळायची. क्लिफचा व्यवस्थापक तिथे टोनी शेरिडन नावाच्या गिटारवादकाला शोधत आला. शेरिडन भेटला नाही, मार्विन भेटला. मार्विनने अट घातली : ब्रूसलाही घ्यावे लागेल.

ती अट म्हणजे या बँडचा पाया. पुढच्या अर्धशतकात बँडचे बाकी सारे बदलले, ही जोडी मात्र पुन्हा पुन्हा एकत्र आली.

दोन नवे गिटारवाले आल्यावर सॅमवेलला बेसकडे सरकावे लागले. थोड्याच काळात बेसही गेला. त्या जागी टेरेन्स हॅरिस आला. शाळेत धावण्यात वेगवान, म्हणून 'जेट'. १९५९च्या आरंभी टेरी स्मार्टच्या जागी टोनी मीहान आला, तेव्हा त्याचे वय अवघे पंधरा. म्हणजे चाहते ज्याला आरंभ मानतात, तोच एका उचलबांगडीवर उभा आहे. ज्याच्या गाण्याने क्लिफचे नाव झाले, त्यालाच चौथ्या खुर्चीवरून पहिल्यांदा उठवले गेले. सॅमवेलने पुढेही क्लिफसाठी गाणी लिहिली. पण 'मूळच्या चौघां'च्या छायाचित्रात तो नाही.

अमेरिकेत 'ड्रिफ्टर्स' नावाचा गायकगट आधीच होता, त्यामुळे नाव बदलणे भाग पडले. नवे नाव हॅरिसने सुचवले. बँडला सर्वांत आधी कायमचे सोडून जाणाऱ्यांपैकी एकाने दिलेले नाव बँडने शेवटपर्यंत वागवले.

१९६०. सहलीच्या बसमध्ये जेरी लॉर्डनने युकुलेलेवर एक धून ऐकवली. बर्ट लँकेस्टरच्या १९५४ सालच्या 'ॲपाची' चित्रपटावरून ती सुचलेली. बर्ट वीडन या नामवंत गिटारवादकाने ती आधी मुद्रित केली होती, पण तबकडी बाजारात आली नव्हती. शॅडोजने ती जूनमध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत वाजवली. निर्माता नॉरी पॅरामोर. सुरुवातीचा आणि शेवटचा तो दबका ढोल क्लिफने वाजवला आहे. ऑगस्टमध्ये 'ॲपाची' पहिल्या क्रमांकावर गेली आणि पाच आठवडे तिथेच राहिली. तिने खाली ढकलले ते क्लिफचेच 'प्लीज डोन्ट टीज', ज्यामागे हेच चौघे वाजवत होते.

या यशाचे श्रेय बहुतेक वेळा मार्विनच्या लाल स्ट्रॅटोकॅस्टरला जाते. १९५९ साली क्लिफने अमेरिकेहून मागवून दिलेली ती गिटार, तिचा कंप देणारा दांडा, आणि प्रतिध्वनीचे इटालियन यंत्र. हे खरेच आहे. लीड गिटार स्वच्छ, जराही फाटलेली नाही, प्रत्येक स्वर एखाद्या गायकाने श्वास घेऊन लावावा तसा. खाली वेल्शची अत्यंत काटेकोर ऱ्हिदम. वेल्शच्या गिटारकडे श्रोत्याचे लक्ष जात नाही. जात नाही हीच तिची थोरवी.

पण जाणता चाहता हॅरिसकडे कान लावतो. ज्या काळात बहुतेक बँडांमागे उभे लाकडी बेस धमधमत होते, त्या काळात हॅरिसचा विजेवरचा बेस स्वतंत्र स्वराकृती मांडत होता. १९६१च्या पहिल्या अल्बममध्ये 'निव्हराम' नावाची रचना आहे (मार्विन हे नाव उलटे लिहिले की निव्हराम). तिच्यात हॅरिसने एकट्याने वाजवलेला तुकडा ऐकावा. वेग नाही, चमत्कृती नाही, पण वजन आहे. तो अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिला आला. वाद्यबँडच्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

शिवाय हॅरिसकडे दिसणे होते. पिंगट सोनेरी केस, चेहऱ्यावर कसलीशी धास्ती, ओठ मिटलेले. मार्विन चष्मा लावून हसत असे. हॅरिस हसत नसे. प्रेक्षागृहातल्या किंकाळ्या कोणासाठी असत, हे सांगायला नको.

मग पडझड. ऑक्टोबर १९६१ मध्ये 'कॉन-टिकी' पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि त्याच महिन्यात मीहान बाहेर पडला. पुढे तो डेका कंपनीत निर्माता झाला. त्याच्या जागी ब्रायन बेनेट. एप्रिल १९६२ मध्ये हॅरिसही गेला. त्याचे मद्यपान तेव्हा बँडला पेलवेनासे झाले होते, आणि पुढे त्याविषयी तो स्वतःच उघडपणे बोलत असे. त्याच्या जागी आणखी एक ब्रायन : ब्रायन लॉकिंग, टोपणनाव 'लिकरिश'. हा क्लॅरिनेट वाजवत असे आणि जॅझवाल्यांच्या बोलीत क्लॅरिनेटला लिकरिशची कांडी म्हणत, म्हणून हे नाव. बेनेट आणि लॉकिंग पूर्वी मार्टी वाइल्डच्या बँडमध्ये एकत्र वाजवत होते.

'वंडरफुल लँड' ही धून या उलथापालथीची साक्षीदार आहे. मुद्रण झाले तेव्हा ड्रमवर मीहान होता. पॅरामोरने तिच्यावर नंतर व्हायोलिने आणि हॉर्न चढवले. १९६२च्या आरंभी ती बाजारात आली तोवर मीहान गेला होता. ती आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती आणि तेवढ्या अवधीत हॅरिसही गेला. म्हणजे देश जी धून गुणगुणत होता ती वाजवणारे चौघे त्या रूपात अस्तित्वातच नव्हते. त्याच वर्षीचा 'आउट ऑफ द शॅडोज' हा अल्बम तर दोन बेसवादकांत वाटला गेला आहे. काही रचनांत हॅरिस, काहींत लॉकिंग. कोणत्या कोणाच्या, हे डोळे मिटून ओळखणे ही जुन्या चाहत्यांची आवडती परीक्षा.

'मूळच्या चौघां'च्या भक्तांचा दावा असा की १९६२ नंतर जादू गेली. आकडे मात्र वेगळे सांगतात. शॅडोजच्या पाच धुना पहिल्या क्रमांकावर गेल्या. 'ॲपाची', 'कॉन-टिकी', 'वंडरफुल लँड' या तीन हॅरिस-मीहान यांच्या काळच्या. 'डान्स ऑन!' आणि 'फूट टॅपर' या दोन बेनेट-लॉकिंग यांच्या. लॉकिंग बँडमध्ये जेमतेम दीड वर्ष होता. एवढ्या काळात दोन प्रथम क्रमांक, हा हिशेब हॅरिसच्या तोडीचाच आहे. आणि तरीही लॉकिंगचे नाव कोणी प्रथम घेत नाही. तो नम्र होता, हसतमुख होता, उत्तम हार्मोनिका वाजवायचा आणि त्याच्याभोवती कोणतीही दंतकथा नव्हती. चाहत्यांच्या स्मरणात जागा मिळवायची तर केवळ चांगले वाजवून भागत नाही, हे कटू असले तरी खरे.

ड्रमच्या बाबतीत वाद अधिक रंगतो. पहिल्या अल्बममध्ये मीहानचा 'सी यू इन माय ड्रम्स', दुसऱ्यात बेनेटचा 'लिटल बी'. दोन्ही ड्रमकेंद्री. लागोपाठ ऐकल्या तर बेनेटची तालीम, हातांची समज आणि जॅझचा अभ्यास लपत नाही. मीहानकडे पोरवयाची धीट निरागसता आहे. तिचा मोह पडणे स्वाभाविक, पण वादक म्हणून बेनेट उजवा, असे म्हणण्यात हॅरिस-मीहानपंथीयांनी अपमान मानू नये.

इकडे हॅरिस आणि मीहान यांची जोडी 'डायमंड्स'नंतर आणखी दोन धुना वरच्या पाचांत घेऊन गेली. सप्टेंबर १९६३ मध्ये मोटार अपघातात हॅरिस गंभीर जखमी झाला आणि ती जोडी तिथेच संपली. सिंहासन उलथवणाऱ्यांचे राज्य नऊ महिन्यांचे ठरले.

लॉकिंगही त्याच शरद ऋतूत गेला. तो यहोवाचे साक्षीदार या पंथाचा अनुयायी होता आणि धर्मकार्याला वेळ देण्यासाठी त्याने बँड सोडला. यश शिगेला असताना कोणाशी न भांडता उठून जाणारा हा या कथेतला एकमेव माणूस. पुढे मार्विननेही तोच पंथ स्वीकारला.

चौथ्या खुर्चीवर आता जॉन रॉस्टिल बसला. इथून पुढचा भाग सावकाश ऐकण्यासारखा आहे.

रॉस्टिल पाच वर्षे बँडमध्ये होता. तिघांपैकी सर्वांत दीर्घ काळ. त्याच्या काळात एकही धून पहिल्या क्रमांकावर गेली नाही. कारण त्याच्या बोटांत नव्हते. एप्रिल १९६३ पासून यादीवर लिव्हरपूलच्या बँडांनी कब्जा केला होता. गाणारे, स्वतः गाणी रचणारे चौघे हा आता नवा साचा झाला. याच बीटल्सनी जून १९६१ मध्ये हॅम्बुर्गला असताना 'क्राय फॉर अ शॅडो' ही शब्दहीन धून मुद्रित केली होती. जॉर्ज हॅरिसन आणि जॉन लेनन या दोघांच्याच नावावर असलेली ती एकमेव रचना, आणि नावातच शॅडोजला केलेला सलाम, थोडा टवाळखोर. दोन वर्षांत शिष्यांनी गुरूला घरी बसवले.

पण वादन म्हणून पाहिले तर १९६४ ते १९६८चा शॅडोज सर्वांत सशक्त होता, असे मानणारा चाहत्यांचा एक छोटा पण हट्टी पंथ आहे, आणि त्याच्या बाजूने पुरावा आहे. 'द राइज अँड फॉल ऑफ फ्लिंगेल बंट' ऐकावी. १९६४ची ही धून पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. रचनाकार म्हणून चौघांचीही नावे आहेत, नवख्या रॉस्टिलसकट. पूर्वीच्या धुनांत बेस खालून आधार देतो. इथे बेस आणि ड्रम गुरगुरत पुढे येतात आणि मार्विनची गिटार त्यांच्यावर स्वार होते. हॅरिस कमी स्वरांत वजन देई. रॉस्टिल स्वरांची साखळी विणतो, मधल्या जागा भरतो, मार्विनच्या वाक्याला उत्तर देतो. बेनेटसारखा ड्रमवाला शेजारी असला की हे जमते.

विक्रीवरून मोजणारा चाहता हॅरिसकडे जातो, कानावरून मोजणारा रॉस्टिलकडे. दोघांचे भांडण मिटणार नाही, कारण दोघे वेगवेगळी गोष्ट मोजत आहेत. मात्र हॅरिसच्या बाजूला आणखी एक वजन आहे, ते म्हणजे चाहत्याचे स्वतःचे वय. १९६० साली चौदा वर्षांचे असणाऱ्याला 'ॲपाची' पहिल्यांदा ज्या चौघांकडून ऐकू आली, तेच त्याच्यासाठी मूळचे चौघे. सॅमवेलचा बेस त्याने ऐकलाच नव्हता.

डिसेंबर १९६८ मध्ये बँड विसर्जित झाला. पुढे मार्विन आणि वेल्श यांनी जॉन फरार या ऑस्ट्रेलियन गायक-गिटारवादकाला घेऊन 'मार्विन, वेल्श अँड फरार' हा गाणारा गट काढला. तीन आवाजांची सुरेल बांधणी, गंभीर शब्द, १९७१ साली दोन अल्बम. आज ते ऐकले तर सुंदर वाटतात. तेव्हाचा प्रेक्षक मात्र समोर मार्विन दिसला की जुन्या धुनांची फर्माईश करी. माणसे तीच होती, त्यांना नवे काही म्हणायचे होते, आणि चाहत्यांना ते नको होते. चाहत्यांच्या निष्ठेची ही दुसरी, फारशी न बोलली जाणारी बाजू. अखेर १९७३ मध्ये शॅडोज हे नाव परत आले.

रॉस्टिल परतला नाही. मधल्या काळात तो टॉम जोन्सच्या वाद्यवृंदात वाजवत होता आणि गाणी लिहीत होता. २६ नोव्हेंबर १९७३ रोजी घरातल्या स्टुडिओत विजेचा धक्का बसून त्याचा मृत्यू झाला. वय एकतीस. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनने गायलेले त्याचे 'लेट मी बी देअर' नेमके त्याच सुमारास अमेरिकेत वर चढत होते. पुढच्या वर्षी त्या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळाला, त्याचे 'इफ यू लव्ह मी (लेट मी नो)' अमेरिकेत वरच्या पाचांत गेले, आणि एल्व्हिस प्रेस्लीने ही दोन्ही गाणी आपल्या कार्यक्रमांत गायली. पहिला क्रमांक न मिळालेला म्हणून ज्याला बाजूला ठेवले जाते, त्या बेसवादकाचे हे कर्तृत्व. त्यातले बरेचसे त्याने पाहिले नाही.

यानंतर बँडने चौथी खुर्ची पूर्वीसारखी भरलीच नाही. फरार काही काळ चौथा सदस्य होता. १९७५च्या युरोव्हिजन स्पर्धेत ब्रिटनच्या वतीने शॅडोज दुसरा आला तेव्हा तोही त्यांच्यात होता. नंतर तो अमेरिकेत गेला आणि ऑलिव्हियासाठी 'यू आर द वन दॅट आय वाँट' लिहून त्याने वेगळेच शिखर गाठले. बेसवर ॲलन टार्नी, मग ॲलन जोन्स, मग मार्क ग्रिफिथ्स आले. सगळे पट्टीचे वादक. टार्नी तर क्लिफच्या 'वी डोन्ट टॉक एनीमोअर'चा रचनाकार. पण छायाचित्रांत आता तिघेच : मार्विन, वेल्श, बेनेट. बेसवादक मंचावर असे, मुखपृष्ठावर नसे. चौघांचा बँड अशा रीतीने कागदोपत्री तिघांचा झाला, आणि साथीदाराचे नाव धाकट्या अक्षरांत गेले.

व्यवहार म्हणून यात खोट काढता येत नाही. १९७७चा जुन्या धुनांचा संग्रह आणि १९७९चा 'स्ट्रिंग ऑफ हिट्स' हे दोन्ही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले. तिघांच्या या रूपाने १९९० पर्यंत प्रेक्षागृहे भरली. फक्त 'फ्लिंगेल बंट'सारखे काही पुन्हा निर्माण झाले नाही. दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी शॅडोजच्या ढंगात वाजवणे, हे या काळाचे मुख्य काम. घासून गुळगुळीत केलेले, निर्दोष, कोणी कोणाला उत्तर देत नाही असे वादन. ज्याची नोकरी मुख्य तिघांना सावरण्याची आहे, तो वादाला कशाला तोंड फोडेल?

मीहान २००५ साली वारला. त्याच्या आदल्या वर्षी शॅडोजचा निरोपाचा दौरा झाला होता. १९८६ पासून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला मार्विन त्यासाठी परत आला. २००९ मध्ये क्लिफबरोबर पुन्हा एकदा, पन्नास वर्षांचा सोहळा म्हणून. पोस्टरवर क्लिफ आणि तिघे, बेसवर ग्रिफिथ्स. बँडला नाव देणारा जेट हॅरिस तेव्हा हयात होता, सत्तरीत होता, आणि छोट्या सभागृहांत स्वतःचे कार्यक्रम करत होता. त्या मंचावर तो नव्हता. जुन्या चाहत्यांनी हे मनाला लावून घेतले. वेल्श आणि बेनेट यांना ब्रिटिश सरकारचा ओबीई सन्मान २००४ सालीच मिळाला होता, मार्विनने तो नाकारला होता. हॅरिसला त्याहून एक पायरी खालचा एमबीई २०१० साली मिळाला. १८ मार्च २०११ रोजी तो गेला. लॉकिंग त्यानंतर नऊ वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये.